निवळशंख पाण्यातला मासा

आम्ही मासे खात नाही. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे जे लिहायचे आहे ते बहुतेक मासेमारीविषयीच आहे. आणि ज्याने उभ्या आयुष्यात तळलेला तुकडा तोंडात घातला नाही त्याने गळाविषयी कशाला बोलावे, असे एखादा मालवणी वाचक रास्तपणे विचारील. (‘आम्ही’ म्हणजे आम्ही एकटेच. छत्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून हे अनेकवचन जिभेला चिकटले आहे, ते निवृत्तीनंतरही सुटत नाही.) मराठी शिकवण्यात हयात गेली. पाण्याशी आमचा संबंध आला तो कवितेतल्या डोहांपुरता. पोहता येत नाही. असे असताना गेले तीन हिवाळे आम्ही अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, पहाटेच्या काळोखात, दोन स्वेटर आणि जावयाचा कोट अंगावर चढवून एका लहानशा होडीत बसत आलो आहोत. ते कशासाठी, हे स्वतःलाही नीट कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलगी नॅशव्हिलला असते. जावयाची फिरतीची कामे नेमकी हिवाळ्यात निघतात, तेव्हा नातवाला सांभाळायला आम्ही डिसेंबरात जातो आणि मार्चअखेर परततो. शेजारी एक वयस्क गृहस्थ राहतात. विजेच्या खांबांवर चढून तारा जोडण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. पत्नी वारली आहे, मुले दूर आहेत. पहिल्या वर्षी कुंपणावरून बोलणे झाले ते हवामानापुरते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारले, “प्रोफेसर, शनिवारी येता का माझ्याबरोबर? मला होडीत गप्प बसणारा माणूस हवा आहे.” आमची ही ख्याती त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. वर्गातल्या मुलांनी ती मुळीच मान्य केली नसती.

नॅशव्हिलपासून दोनेक तासांच्या अंतरावर, टेनेसी आणि केंटकी यांच्या सीमेवर पसरलेले डेल हॉलो नावाचे सरोवर आहे. सरोवर म्हणायचे ते रूढीने. वस्तुतः ते ओबी नदीवरच्या धरणाचे पाणी आहे. १९४३ साली धरण पुरे झाले आणि टेकड्यांमधल्या घळी पाण्याने भरल्या. सुमारे २७,७०० एकरांचा विस्तार, बोटांसारख्या आत घुसलेल्या असंख्य खाड्या, त्यामुळे किनारा सहाशे मैलांहून लांब, आणि खोली काही ठिकाणी १३० फुटांपर्यंत. विलो ग्रोव्ह नावाचे गाव या पाण्याखाली गेले. तिथल्या शाळेचा पाया अजून तळाशी आहे, आणि पाणबुडे हौसेने तो पाहायला उतरतात. हे पाणी कमालीचे निवळ आहे. पहिल्याच दिवशी आम्ही होडीच्या कडेवरून वाकून पाहिले तर खाली एक बुंधा, त्याच्या फांद्या, फांदीवर साचलेला गाळ इतके स्पष्ट दिसले की हात घातला तर लागेल असे वाटावे. शेजारी म्हणाले, तो वीस फुटांवर आहे. आपल्या समीक्षेत निवळपणा आणि खोली यांचे वैर गृहीत धरण्याची एक जुनी सवय आहे. जे चटकन दिसते ते उथळच असणार, असे आम्हीही कित्येकदा बोललो आहोत. त्या बुंध्याकडे पाहताना ते आठवून थोडी शरम वाटली. अर्थात मासा त्या सगळ्या निवळ पाण्यात कुठेही दिसला नाही.

ज्या माशासाठी हा खटाटोप, त्याचे नाव स्मॉलमाउथ बास. काशाच्या भांड्यासारखा तपकिरी-सोनेरी रंग, अंगावर पुसट उभे पट्टे, डोळा बहुधा तांबूस. याचा मोठ्या तोंडाचा भाऊबंद आहे, त्याचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. याचा डोळ्यापाशी थांबतो, म्हणून हे नाव. मात्र शास्त्रीय नावाची हकीकत साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या माशाला ‘मायक्रोप्टेरस’ म्हटले. अर्थ, लहान पराचा. वास्तविक या माशाचा कोणताही पर तसा लहान नाही. लासेपेदपुढे जो नमुना होता त्याच्या पाठीवरचा पर मागच्या बाजूला फाटलेला होता, आणि तुटून सुटा राहिलेला तेवढा भाग त्याला स्वतंत्र, चिमुकला पर वाटला. नाव पडले ते पडले. फाटक्या पोथीवरून पाठ ठरवणाऱ्यांची जी गत होते तीच ही. दोनशेहून अधिक वर्षे एक धडधाकट जीव एका जखमी नमुन्याच्या नावाने ओळखला जातो आहे.

आता हिवाळ्याचे. उन्हाळ्यात अशा खोल पाण्यात थर पडतात, वरचे कोमट आणि खालचे गार, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. शरदात वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली बसू लागते, आणि थर मोडतात. जानेवारीपर्यंत वरपासून बरेच खोलवर पाणी जवळजवळ एकाच तापमानाचे होऊन जाते. माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड. त्यामुळे त्याची भूक मंदावते, हालचाल मंदावते, पाठलाग करून शिकार धरण्याची हौस राहत नाही. तो कड्यांच्या लगत, तळ सोडून, मधल्या पाण्यात नुसता स्थिर राहतो. त्याचे भक्ष्य म्हणजे शॅड नावाचे रुपेरी छोटे मासे, आणि त्यांना थंडी अजिबात सोसत नाही. पाणी सात अंश सेल्सियसच्या खाली गेले की ते गळाठतात, मरू लागतात. मरताना मधूनच थरथरतात आणि पुन्हा स्तब्ध होतात. स्मॉलमाउथ बासला एवढे पुरते. शेजाऱ्यांच्या भाषेत, “जेवण स्वतःहून तोंडाशी येऊन लटकत असेल तरच तो तोंड उघडतो.”

म्हणून पूर्व टेनेसीतल्या लोकांनी जी रीत काढली तिला ‘फ्लोट अँड फ्लाय’ म्हणतात. पावणेदोन ग्रॅमचा एक शिशाचा थेंब, त्यात रोवलेला गळ, त्यावर केसांचा किंवा पिसांचा झुपका बांधलेला, हे ‘जिग’. केसासारखा बारीक तंगूस, चार पौंडांचा ताण सहन करणारा, कारण जाड दोरा इतक्या निवळ पाण्यात माशाला दिसतो. आणि जिगच्या वर दहा-बारा फुटांवर पक्का बसवलेला, आवळ्याएवढा फ्लोट. एवढी लांबण हवेत फेकायची तर काठीही नऊ फुटी लागते. आमची पहिली फेक जावयाच्या कोटात अडकली, दुसरी शेजाऱ्यांच्या टोपीत. तिसऱ्या हिवाळ्यातही ती कड्यापासून हवी तितकी जवळ पडत नाही. पडल्यानंतर मात्र करायचे काही नसते. पाण्यावर बारीक लाटा असतील तर त्याच फ्लोटला हलवतात आणि खाली जिग मरणाऱ्या शॅडसारखे थरथरते. वारा पडला तर काठीचे टोक इतके हळू कापवायचे की फ्लोट जागचा न सरकता नुसता शहारला पाहिजे. मग थांबायचे. काठीच्या कड्यांमध्ये पाणी गोठते, ते नखाने काढायचे. पुन्हा थांबायचे. पहिल्या वर्षी सहा खेपांत आम्हाला एकही मासा लागला नाही, आणि त्याचे फारसे वाईटही वाटले नाही.

डेविड हेज यांची गोष्ट आम्ही याच होडीत ऐकली. लीचफील्ड, केंटकी इथले हे गृहस्थ. ९ जुलै १९५५ रोजी त्यांनी याच सरोवरात ११ पौंड १५ औंसांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा, २७ इंच लांबीचा स्मॉलमाउथ पकडला. हा मासा एरवी तीन-चार पौंडांचा मिळाला तरी लोक फोटो काढतात, त्यावरून कल्पना यावी. जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. चाळीस वर्षे कोणाला शंका आली नाही. पुढे सरकारी दफ्तरातून १९५५ सालचेच एक शपथपत्र बाहेर आले. होड्यांच्या धक्क्यावरच्या एका कामगाराने त्यात लिहून दिले होते की वजन करण्याआधी त्याने स्वतः माशाच्या पोटात धातूचे तुकडे भरले होते. झाले. १९९६ साली विक्रम रद्द ठरला, आणि मान गेला तो याच सरोवरात १९६९ साली पकडलेल्या १० पौंड १४ औंसांच्या माशाकडे. पुन्हा चौकशी झाली, शपथपत्रावर विश्वास ठेवता येत नाही असे ठरले, आणि २००५ साली हेज यांचा मासा नोंदवहीत परत आला. आजही तोच विक्रम आहे.

शेजारी हे सांगत होते तेव्हा त्यांचे डोळे फ्लोटवरून हलले नव्हते. शेवटी म्हणाले, “गंमत बघा. मासा राहिला नव्हता. कागद राहिला होता.”

आम्ही त्यावर काही बोललो नाही. गप्प बसण्यासाठीच तर आम्हाला नेले होते.

थोड्या वेळाने त्यांनी, बहुधा आमचे लक्ष उडाले आहे असे वाटून, मासा लागल्याची खूण पुन्हा एकदा समजावून सांगितली. फ्लोट बुडाला की काठी उचलायची, हे आम्हाला ठाऊक होते. “पण तो प्रत्येक वेळी बुडत नाही,” ते म्हणाले. “थंड पाण्यात मासा कधी कधी खालून येतो, जिग तोंडात धरतो आणि वरच तरंगत राहतो. मग दोऱ्यावरचा भार निघून जातो, आणि फ्लोट आडवा पडतो. नवखा माणूस समजतो, दोरा गुंतला. तेव्हाही उचलायचे.”

हे वाक्य आम्ही आधी वाचले होते. नेमके हेच, फक्त फ्लोटच्या जागी मोराच्या पिसाचा देठ होता.

१९८९ साली आमच्या महाविद्यालयात निबंधस्पर्धा झाली. परीक्षक आम्ही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने गावच्या नदीच्या उताराविषयी लिहिले होते. भोयांचे घर, आजोबा गळ टाकून बसायचे आणि नातू शेजारी. निबंध फार चांगला होता. इतका की तो आमच्या वर्गातून आला असेल यावर आमचाच विश्वास बसेना. त्यात एक परिच्छेद होता: पौषातल्या थंडीत मासा गळ ओढून नेत नाही, उचलून धरतो, तेव्हा पिसाचा उभा देठ पाण्यात न जाता हळूच आडवा होतो, आणि आजोबा म्हणतात, ‘निजला, ओढ.’ त्याच आठवड्यात आमच्या नावे एक निनावी आंतरदेशीय पत्र आले. हा निबंध एका जुन्या दिवाळी अंकातून उतरवला आहे, असे त्यात होते. कोणत्या अंकातून, ते नव्हते. आम्ही ग्रंथालयात दोन दिवस अंक चाळले. सापडले काही नाही. पण त्या आडव्या पडणाऱ्या देठाने आमचा निर्णय केला. मासा लागला की गळ खालीच ओढला जाणार हे शेंबडे पोरही सांगेल. मग हे उफराटे निरीक्षण आले कुठून? कुठल्याशा परदेशी पुस्तकातून कुणीतरी घेतले असणार, आणि त्याच्यावरून याने. आम्ही तांबड्या शाईने समासात ‘उसने निरीक्षण’ असे लिहिले आणि त्याचे नाव यादीतून काढले. तेव्हा आम्ही नदीकाठी अर्धा तासही सलग बसलेलो नव्हतो.

तो एकदाच स्टाफरूममध्ये आला. दारातच उभा राहून त्याने विचारले, “सर, कुठल्या अंकातून?”

“ते तुला माहीत,” आम्ही म्हणालो.

पुढच्या वर्षी त्याने विषय बदलला. मराठी सोडून इतिहास घेतला.

हे सगळे आम्ही विसरलो होतो असे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. चार वर्षांपूर्वी राहते घर बदलताना जुन्या कागदांची ट्रंक उघडली, तर त्यात ते आंतरदेशीय पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेले सापडले. पुरावा म्हणून आम्हीच ते जपले होते. ते पाहिले, आणि परत पिशवीत घालून ट्रंकेतच ठेवले. फाडले नाही. का फाडले नाही याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

मासा लागला तो दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत. वारा पूर्ण पडला होता, पाणी काचेसारखे. आकाश भुरकट होते आणि समोरच्या कड्यावरून बर्फाच्या सुळ्यांचे पाणी टपटपत होते. शेजारी थर्मासमधून कॉफी ओतत होते. आमचा फ्लोट आठ-दहा मिनिटे जिथल्या तिथे उभा होता. आम्ही काठीचे टोक कापवले आणि थांबलो. फ्लोट एका कुशीवर कलला. बुडाला नाही, सरकला नाही. एखादे मूल झोपेत वळावे तसा आडवा झाला आणि तसाच पडून राहिला. त्याच्याभोवती एक वर्तुळ उठले, तेही फार लहान.

आम्ही पाहत राहिलो. शेजारी ओरडले तेव्हा काठी उचलली, आणि इतक्या उशिरा उचलूनही मासा अडकलेलाच होता, ही त्याची चूक की आमचे नशीब, कोण जाणे. त्या बारीक तंगूसावर तो ओढणे म्हणजे ओढणे नव्हेच. तो जाईल तिथे जाऊ द्यायचे आणि थकला की थोडे मागून घ्यायचे. दोनदा तो खोल गेला. निवळ पाण्यात तो दिसू लागला तेव्हा आधी नुसता पिवळसर उजेड दिसला, मग पट्टे, मग तो तांबूस डोळा. शेजाऱ्यांनी जाळे घातले. पट्टीवर साडेएकोणीस इंच भरला. या सरोवरात १६ ते २१ इंचांचा स्मॉलमाउथ ठेवून घेता येत नाही, सोडून द्यावा लागतो. ज्यांच्यापासून वीण वाढायची ते मधल्या मापाचे मासे राखण्यासाठी हा नियम आहे. आमचा तर तसाही प्रश्न नव्हता. आम्ही त्याला ओल्या हातांनी पाण्यात धरले. तो क्षणभर हातातच राहिला, गल्ले उघडले, मिटले, आणि पुढच्या क्षणी तिथे नुसते पाणी होते.

“फोटो काढायचा राहिला,” शेजारी म्हणाले. “आता तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?”

ते सहज बोलले होते.

त्या रात्री आम्ही जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाला फोन केला, त्याने दुसऱ्याला विचारले, आणि चार दिवसांत पत्ता लागला. आमचा हा विद्यार्थी आता तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. निवृत्तीला थोडीच वर्षे राहिली आहेत. दुसऱ्या वर्षी परतताना मनात होते की समक्षच जाऊन भेटावे. गेलो नाही. उन्हे फार आहेत, गुडघा दुखतो, लग्नसराई आहे, अशी कारणे आम्हाला भराभर सुचत गेली, आणि ती सगळी खरीच होती. अखेर या डिसेंबरात, इथे आल्यावर, पत्र लिहिले. तीनदा लिहून खोडले. पहिल्या खर्ड्यात आम्ही इतके सुंदर पश्चात्तापी दिसत होतो की ते वाचून आमचे आम्हालाच भरून आले. तो आधी फाडला. पाठवले त्यात एवढेच होते: १९८९ च्या स्पर्धेत तुझ्या निबंधाविषयी मी जे ठरवले ते चुकीचे होते. देठ आडवा पडतो. मी पाहिले. मग माशाचे माप, पाण्याचे तापमान, आणि तो सोडून दिला हेही लिहिले. त्या पत्रात आम्ही ‘मी’ लिहिले, हे नंतर लक्षात आले.

उत्तर आठ दिवसांनी आले, मोबाइलवर. सुरुवातीला प्रकृतीची चौकशी, मुलीची, नातवाची. त्या देशात मासा कोणत्या आमिषाला लागतो असे त्याने विचारले होते. त्याचे आजोबा कणकेत हिंग मळून गोळी लावत. स्पर्धेविषयी एक अक्षर नव्हते. शेवटी होते ते असे:

‘सर, तो निबंध आपल्यापाशी असेल तर फोटो काढून पाठवाल का? माझ्याकडे प्रत नव्हती, एकच लिहिला होता. आमच्याकडे १९९७ ला धरणाचे पाणी आले, उतार आता दिसत नाही. आजोबांबद्दल मी तेवढेच लिहिले होते. घाई नाही.’

स्पर्धेचे निबंध महाविद्यालयाच्या कार्यालयात तीन वर्षे ठेवत आणि नंतर रद्दीत घालत. ती यादी आमच्याच सहीने जात असे.

उत्तर अजून दिलेले नाही. पाणी त्रेचाळीस फॅरनहाइटवर आले आहे, असे शेजाऱ्यांनी संध्याकाळी कुंपणावरून सांगितले. ते पहाटे चारला गाडी काढणार आहेत, आणि आम्ही येतो म्हणालो आहोत.